हुकूम आणि तह: सागरी कासवांच्या निमित्ताने एक प्रस्तावना

डॅलसच्या उत्तरेस कॉलिन आणि डेंटन या दोन काउंट्यांत पसरलेल्या फ्रिस्को नगरीत राहून समुद्राच्या रक्षणासाठी राष्ट्राराष्ट्रांत झालेल्या करारांविषयी मराठीत पुस्तक लिहावे, आणि त्यास ही प्रस्तावनाही येथूनच जोडावी, याचे कारण वाचकांस आरंभीच सांगणे अवश्य आहे. कारण मेक्सिकोच्या आखाताचे खारे पाणी येथून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि 1902 साली आलेल्या लोहमार्गाच्या आश्रयाने वसलेल्या या गावाच्या इतिहासात बंदराला अथवा जाळ्याला स्थान नाही. 1990 च्या जनगणनेत जेमतेम सहा हजार वस्तीचे असलेले हे गाव 2020 साली दोन लाखांवर गेले, आणि या वाढीत ज्यांनी येथे घरे केली त्यांत पुण्यामुंबईची, नागपूर-कोल्हापूरची, तशीच रत्नागिरी-सिंधुदुर्गाची मराठी कुटुंबेही आहेत. या कुटुंबांतील तरुण मंडळी समुद्राविषयी विचारतात तेव्हा बहुधा कोकणातल्या आजोळाविषयी विचारतात. आपण ज्या भूमीवर उभे आहोत तिचाही समुद्राशी हिशेब आहे, हे त्यांच्या मनात सहसा येत नाही.

तो हिशेब जुना आहे. घराच्या पायासाठी येथे खणू लागले की चिकट काळ्या मातीखाली पांढरट चुनखडीचा खडक लागतो, आणि तो खडक म्हणजे क्रिटेशस कालखंडात आखातापासून उत्तरध्रुवीय महासागरापर्यंत या खंडाच्या मध्यभागी पसरलेल्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली, सूक्ष्म जीवांच्या कवचांची रास होय. तो समुद्र ओसरला, तरी पाण्याची वाट राहिली. गावाच्या पश्चिमभागावर पडलेला पाऊस स्ट्युअर्ट क्रीकवाटे लुइसव्हिल तलावात आणि तेथून ट्रिनिटी नदीच्या एल्म फाट्यात जातो. येथेच उगम पावणारा व्हाइट रॉक क्रीक डॅलस शहरातून वाहत जाऊन त्याच ट्रिनिटीला मिळतो. आणि ट्रिनिटी नदी ह्यूस्टनच्या पूर्वेस ट्रिनिटी उपसागरात, म्हणजे गॅल्व्हेस्टनच्या खाडीत, आपले सारे पाणी रिते करते. हिरवळीवर घातलेले खत, मोटारीतून गळलेले तेल, वाऱ्याने गटारात नेलेली प्लास्टिकची पिशवी, यांतले जे वाटेतील धरणांत अडकत नाही ते त्याच रस्त्याने आखाताकडे जाते.

शिवाय व्यापाराचा संबंध आहेच. येथील भारतीय दुकानांच्या शीतपेट्यांत जी कोळंबी मिळते तिच्या वेष्टनावर पुष्कळदा भारताचे नाव असते, कारण अमेरिकेत आयात होणाऱ्या कोळंबीत भारताचा वाटा आज सर्वांत मोठा आहे. ही कोळंबी बहुतांशी आंध्र प्रदेशातील तळ्यांत वाढवलेली असते, आणि समुद्रात जाळे टाकून धरलेली भारतीय कोळंबी त्या पेटीत का नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले असता वाचक टेक्सासच्या किनाऱ्यावरून मेक्सिकोत, तेथून जिनीव्हाच्या न्यायपीठापुढे, आणि अखेरीस रत्नागिरी जिल्ह्याच्या वाळूवर येऊन पोहोचतो. हे पुस्तक म्हणजे त्याच प्रवासाचा वृत्तान्त आहे.

समुद्रविषयक करारांचा पसारा एवढा अफाट आहे की तो मुळापासून सांगू गेल्यास वाचकाचे धैर्य खचावे. एकट्या 1982 च्या समुद्रकायद्याच्या करारनाम्यात 320 कलमे आणि नऊ परिशिष्टे आहेत. त्याच्या जोडीस जहाजांनी टाकावयाच्या घाणीसंबंधीचे, देवमाशांसंबंधीचे, दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारासंबंधीचे निराळे दस्तऐवज आहेत. म्हणून मी एकच प्राणी निवडला. कासव निवडण्यात भावनेचा भाग नाही असे मी म्हणणार नाही. परंतु मुख्य कारण असे की, सागरी कासव एका राष्ट्राच्या वाळूत जन्मते, दुसऱ्याच्या पाण्यात चरते, तिसऱ्याच्या जाळ्यात सापडते आणि कित्येक वर्षांनी अंडी घालण्यासाठी पुन्हा जन्मभूमीच्या परिसरात येते, त्यामुळे कोणत्याही एका सरकारचा अंमल त्याच्या संपूर्ण आयुष्यावर चालत नाही, आणि सहकार्याचे यश अथवा अपयश घरट्यांच्या मोजणीत उघडपणे दिसून येते.

रिडले नावाच्या कासवांच्या दोन जाती आज पृथ्वीवर आहेत. एक ऑलिव्ह रिडले, जी हिंदी महासागरात व प्रशांत महासागरात विपुल आहे आणि आपल्या कोकणच्या वाळूवर हिवाळ्यात अंडी घालते; दुसरी केम्पची रिडले, जी मुख्यत्वे मेक्सिकोच्या आखाताची रहिवासी असून सागरी कासवांत सर्वांत दुर्मिळ समजली जाते. या दोघी एकाच पूर्वजाच्या वंशज आहेत. टेक्सासच्या विधिमंडळाने 2013 साली केम्पच्या रिडलेला राज्याचे अधिकृत सागरी कासव म्हणून मान दिला. म्हणजे फ्रिस्कोत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या आजोळच्या किनाऱ्यावर एक बहीण आणि त्याच्या स्वतःच्या राज्याच्या किनाऱ्यावर दुसरी, असा हा योग आहे.

केम्पच्या रिडलेची हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. 1947 च्या जूनमध्ये आंद्रेस एरेरा नावाच्या मेक्सिकन अभियंत्याने तामाउलिपास प्रांतातील रांचो नुएवो येथील एकाकी किनाऱ्यावर दिवसाढवळ्या एकाच वेळी वाळूवर आलेल्या कासवांचे चलच्चित्र घेतले. ते चित्र कित्येक वर्षे अभ्यासकांच्या दृष्टीस पडलेच नाही. 1961 साली टेक्सासचे प्राणिशास्त्रज्ञ हेन्री हिल्डेब्रँड यांनी ते ऑस्टिन येथे विद्वानांच्या सभेत दाखवले, तेव्हा त्या एका दिवशी सुमारे चाळीस हजार माद्या किनाऱ्यावर असाव्यात असा अंदाज बांधण्यात आला. परंतु तोवर अंड्यांची लूट आणि कोळंबीच्या जाळ्यांतील मरण यांनी तो कळप जवळजवळ संपवत आणला होता. मेक्सिकोने 1966 पासून त्या किनाऱ्यावर पहारा बसवला आणि 1977 साली तो राखीव केला. तरीही 1985 मध्ये साऱ्या हंगामात मिळून अवघी 702 घरटी मोजली गेली, आणि एक मादी एका हंगामात सरासरी दोन-तीन वेळा अंडी घालते हे ध्यानात घेतले म्हणजे अंडी घालणाऱ्या माद्या तीनशेच्याही आत उरल्या होत्या, हे उघड होते.

हा तळ गाठला जाण्यापूर्वीच, 1978 साली, मेक्सिको आणि अमेरिका या दोन शेजाऱ्यांनी जो उपक्रम हाती घेतला त्याचा तपशील मला विलक्षण वाटतो. मेक्सिको दर वर्षी सुमारे दोन हजार अंडी अमेरिकेस देणार, आणि अमेरिका रांचो नुएवोच्या पहाऱ्यात माणसे व साधने देऊन वाटा उचलणार, असे ठरले. अंडी मेक्सिकोच्या वाळूस टेकू न देता वरच्यावर धरून टेक्सासमधील पाद्रे बेटाच्या वाळूने भरलेल्या पेट्यांत ठेवली जात. पाद्रे बेटावर पिल्ले बाहेर पडली की त्यांना पुळणीवरून लाटांपर्यंत चालू देत, थोडे पोहू देत, आणि पुन्हा जाळीने उचलून गॅल्व्हेस्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत नऊ-दहा महिने वाढवून मग समुद्रात सोडीत. जन्मवाळूची खूण पिल्लाच्या देहात कोठेतरी उमटते आणि ते मोठेपणी तेथेच परतते, या समजुतीवर दहा वर्षे हा खटाटोप चालला. ती समजूत बरोबर की चूक, हे कळण्यास पिल्ले वयात येईपर्यंत थांबावे लागणार होते. 1996 साली त्यांपैकी पहिल्या माद्या पाद्रे बेटावर अंडी घालण्यास आल्या. त्या खटाटोपाने किती कासवे वाढली याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, आणि संख्या वाढण्यास रांचो नुएवोचा पहारा व जाळ्यांतील सुधारणा याच मुख्यतः कारण झाल्या, असे माझेही मत आहे. परंतु ज्याचे फळ दिसण्यास अठरा वर्षे लागावीत असे काम दोन सरकारांनी, मधल्या काळात दोन्हीकडचे राज्यकर्ते बदलले असताही, टाकून दिले नाही, याचे मोल मला शास्त्रीय निष्कर्षाहून कमी वाटत नाही. 2009 साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर वीस हजारांहून अधिक घरटी मोजली गेली. पुढच्याच वर्षी 20 एप्रिलला डीपवॉटर होरायझन या तेलफलाटाखालची विहीर फुटून अकरा कामगार प्राणास मुकले, आखातात महिनोन्‌महिने तेल वाहत राहिले, आणि त्याच हंगामात घरट्यांची संख्या कितीतरी खाली आली. या घटीचे कारण तेलच होते किंवा कसे, याचा खल अद्याप चालू आहे, आणि त्याची चर्चा पुस्तकात स्वतंत्रपणे केली आहे.

आता जाळ्यांविषयी. कोळंबीचे ट्रॉल जाळे तळाशी खरडत ओढले जाते, आणि त्यात सापडलेले कासव श्वासासाठी वर येऊ न शकल्याने गुदमरून मरते. जाळ्याच्या गळ्यात तिरपी गजांची जाळी बसवून कासवाला वरच्या अथवा खालच्या झडपेतून बाहेर पडू द्यावे आणि कोळंबी मात्र गजांमधून मागच्या खोळीत जावी, अशी ही युक्ती आहे. तिला सर्वत्र ‘टेड’ या आद्याक्षरी नावाने ओळखतात. ही युक्ती मूळची मच्छीमारांचीच, नको असलेले ओझे जाळ्याबाहेर टाकण्यासाठी काढलेली. परंतु 1987 मध्ये अमेरिकन सरकारने ती सक्तीची केली तेव्हा टेक्सासच्या कोळंबीवाल्यांस तो आपल्या पोटावर घातलेला घाव वाटला, आणि 1989 च्या जुलैत त्यांनी शेकडो नौका आडव्या उभ्या करून गॅल्व्हेस्टन व इतर बंदरांच्या वाटाच अडवून धरल्या. सरकारने काही काळ माघार घेतली आणि पुढे नियम पुन्हा लागू केला. या लोकांची चीड अज्ञानातून आली, असे लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. झडपेतून मासळीचा काही भाग निसटतो हे त्यांचे म्हणणे खरे होते, आणि तो तोटा कोणी सोसावा हे त्यांच्याशी बसून ठरवावयास हवे होते.

त्याच 1989 साली अमेरिकन काँग्रेसने एक कलम मंजूर केले की, ज्या देशांत कासवांना असे संरक्षण नाही तेथील समुद्रातून धरलेली कोळंबी अमेरिकेत येऊ देऊ नये. आरंभी हे कलम कॅरिबियन परिसरातील चौदा देशांनाच लावले गेले, त्यांना जाळी बदलण्यास तीन वर्षांची मुदत आणि तांत्रिक साहाय्य मिळाले, आणि त्यांच्याशी वाटाघाटी करून 1996 मध्ये अमेरिकाखंडापुरता कासवरक्षणाचा स्वतंत्र करारही घडून आला. परंतु 1995 च्या अखेरीस एका अमेरिकन न्यायालयाने हे कलम साऱ्या जगास लागू असल्याचा निवाडा दिला आणि 1 मे 1996 ही तारीख घालून दिली. म्हणजे भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांच्या वाट्यास अवघे चार महिने आले. हे चारही देश जिनीव्हातील जागतिक व्यापार संघटनेकडे फिर्याद घेऊन गेले.

ऑक्टोबर 1998 मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने जो निकाल दिला, तो या पुस्तकाचा कणा आहे. तो अमेरिकेविरुद्ध गेला, एवढेच सर्वसाधारण वाचकास ठाऊक असते, आणि व्यापारापुढे कासवाची हार झाली असा त्याचा अर्थ त्या काळी अनेकांनी लावला. निकाल मुळातून वाचला असता निराळेच आढळते. कासवांचे रक्षण हा व्यापारावर बंधन घालण्यास योग्य हेतू आहे, हे मंडळाने स्पष्टपणे मान्य केले. दोष काढला तो अंमलबजावणीत. कॅरिबियन देशांना तीन वर्षे आणि इतरांना चार महिने, काहींशी वाटाघाट आणि इतरांस केवळ हुकूम, हा भेदभाव अन्याय्य ठरला. अमेरिकेने पुढे आपली नियमावली बदलली, हिंदी महासागरातील देशांशी बोलणी केली, आणि मलेशियाने पुन्हा तक्रार केली तेव्हा 2001 मध्ये निकाल अमेरिकेच्या बाजूने लागला. त्याच वर्षी हिंदी महासागर व आग्नेय आशियातील कासवांसाठी सामंजस्याचा दस्तऐवज अमलात आला. अमेरिकेने त्यावर तेव्हाच आणि भारताने 2007 मध्ये सही केली. बलाढ्य राष्ट्राने चांगल्या हेतूने काढलेला हुकूमही परक्या किनाऱ्यावर रुजत नाही, आणि तोच हेतू मुदत, मदत व बोलणी यांसह आला तर निदान विचारात तरी घेतला जातो, हे मला या प्रकरणाने पटले आणि तेच या पुस्तकातून मांडावयाचे आहे.

मराठी वाचकास ही गोष्ट अपरिचित वाटण्याचे कारण नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमारासंबंधी लिहिताना, नौकांसाठी लाकूड लागले तरी रयतेच्या आंब्या-फणसासारख्या झाडांस हात लावू नये, एखादे जीर्ण झाड न्यावयाचेच तर जबरी न करता धन्यास राजी करून, त्यास द्रव्य देऊन मगच न्यावे, असे सांगितले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे की ती झाडे वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत. राज्याची निकड केवढीही असली तरी रयतेची संमती आणि मोबदला या दोन गोष्टी वगळता येत नाहीत, हे सूत्र ज्यांच्या दप्तरात तीन शतके पडून आहे त्यांना जिनीव्हाचा निकाल समजावून सांगावा लागू नये.

आमच्या किनाऱ्यावर या सूत्राचा प्रत्यय अलीकडे आला तो मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी. नाना फडणिसांचे हे गाव. येथे कासवांची अंडी उकरून नेण्याची रीत होती. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने घरटी राखण्याचे काम सुरू केले, आणि ते गावकऱ्यांच्याच हाती दिले. अंडी उकरणाऱ्यांस चोर ठरवून गावातून तंटा उभा करण्याऐवजी त्यांनाच राखणदार केले गेले. पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहण्यास शहरांतून माणसे येऊ लागली, घराघरांत त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय झाली, आणि गावास कासवापासून उत्पन्न सुरू झाले. पुढे वनखात्याच्या कांदळवन कक्षाने हे काम किनाऱ्यावरील अनेक गावांत नेले. जाळ्यात सापडलेले संरक्षित प्राणी सोडण्यासाठी ज्या मच्छीमारास आपले जाळे कापावे लागते त्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने 2018 साली सुरू केली. माझ्या मते कासवांसाठी आमच्याकडे झालेल्या सरकारी निर्णयांत हा सर्वांत शहाणपणाचा, कारण टेक्सासच्या कोळंबीवाल्यांनी 1989 मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे, तोटा कोणी सोसावा याचे, त्यात निदान अंशतः उत्तर आहे.

2022 च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवून तिला ‘प्रथमा’ असे नाव देण्यात आले. त्यानंतरच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे जात जात श्रीलंकेच्या पाण्यात पोहोचली. आणि 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना आढळली, तेव्हा पूर्वकिनाऱ्याची आणि पश्चिमकिनाऱ्याची कासवे अगदी अलग, ही समजूत फेरविचारास पात्र झाली. गुहागरात राखलेले घरटे ओडिशाच्या ट्रॉलरवाल्यांवर आणि श्रीलंकेच्या कोळ्यांवरही अवलंबून आहे, हे अशा प्रवासांमुळे गावकऱ्यांच्या बोलण्यात येऊ लागले आहे.

महासागरव्यापी करारांविषयी येथे थोडक्यातच लिहितो, कारण त्यांची चिकित्सा पुस्तकाच्या शेवटच्या भागात आहे. समुद्रकायद्याचा 1982 चा करारनामा 1994 मध्ये अमलात आला, भारताने तो 1995 मध्ये स्वीकारला, आणि अमेरिकेने आजपर्यंत स्वीकारलेला नाही; तो ज्या वाटाघाटींतून सिद्ध झाला त्यांत अमेरिकन प्रतिनिधींचा वाटा मोठा होता, हे लक्षात घेता ही गोष्ट खेदाची आहे, आणि या देशात राहणाऱ्या व येथील नागरिक झालेल्या मराठी माणसाने ती आपल्या लोकप्रतिनिधीस विचारणे उचित आहे. कोणत्याही राष्ट्राच्या दोनशे सागरी मैलांच्या हद्दीपलीकडच्या पाण्यातील जीवसृष्टीसाठी 2023 च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांत संमत झालेला तह साठ राष्ट्रांची मान्यता मिळून 17 जानेवारी 2026 रोजी अमलात आला. भारताने 2024 साली त्यावर स्वाक्षरी केली आहे. मासेमारीच्या घातक अनुदानांवरील व्यापार संघटनेचा करार 2022 मध्ये झाला आणि 2025 मध्ये अमलात आला. त्यातील लहान मच्छीमारांच्या सवलतींविषयी भारताने घेतलेले आक्षेप मला बव्हंशी रास्त वाटतात, आणि त्यांची कारणे त्या त्या ठिकाणी दिली आहेत.

पुस्तकाची रचना ऋतूंच्या क्रमाने केली आहे. केम्पची रिडले एप्रिलपासून जुलैपर्यंत पाद्रे बेटावर येते, म्हणून पहिला भाग उन्हाळ्याचा व टेक्सास-मेक्सिकोचा. ऑलिव्ह रिडले कोकणात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत येते, म्हणून दुसरा हिवाळ्याचा व रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा. आणि तिसरा, ज्यास ऋतू नाही असा, करारांचा व फैसल्यांचा. पाद्रे बेटावरील राष्ट्रीय उद्यानात उन्हाळ्यात पिल्ले समुद्रात सोडताना लोकांना पाहू देतात, आणि फ्रिस्कोहून मोटारीने एका दिवसात तेथे जाता येते. मुलांना तेथे एकदा न्यावे आणि पुढच्या हिवाळ्यात आजोळी गेल्यावर वेळासलाही न्यावे, अशी वाचकांस माझी विनंती आहे.

एक गोष्ट हे लिहीत असताना अद्याप निकालात निघालेली नाही. भारतीय समुद्रातील कोळंबीवर अमेरिकेने 2019 साली पुन्हा बंदी घातली, आणि ती उठावी म्हणून कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अमेरिकन तंत्रज्ञांसह नव्या मापांच्या टेडच्या चाचण्या घेतल्या आहेत. हे साधन भारतभर सक्तीचे करण्याचे जे प्रयत्न चालू आहेत त्यांत हर्णै आणि मिरकरवाडा येथील ट्रॉलरमालकांस व तांडेलांस नियमाचा मसुदा पक्का होण्यापूर्वी बोलवावे, त्यांच्याच नौकांवर त्यांच्यादेखत चाचणी घ्यावी, निसटलेल्या मासळीचे वजन त्यांनीच करावे आणि तेवढ्या तोट्याची भरपाई पहिल्या काही हंगामांसाठी सरकारने बांधून द्यावी. मुदतीची तारीख त्यानंतर ठरवावी.

फ्रिस्को, टेक्सास